‘हे मेलवर पाठवाल का?’: भरती सुरू असतानाच कंपनी कशी पारखायची

बघण्याच्या कार्यक्रमाला घर जसं आवरून ठेवलेलं असतं, तशीच भरतीच्या दिवसांत कंपनीही आवरून-सावरून बसलेली असते. त्या दिवशीही पसारा दिसला, तर एरवी काय असेल याचा अंदाज बांधता येतो. अडचण अशी की बहुतेक उमेदवार भलताच पसारा पाहतात. मुलाखत घेणारा वीस मिनिटं उशिरा आला, एचआरने नाव चुकीचं लिहिलं, ऑफिस जुनाट वाटलं, असल्या गोष्टी मनात राहतात. ऑफर लेटरच्या चौथ्या पानावरची वसुलीची अट मात्र सही करताना कुणी वाचत नाही.

म्हणून आधी वजनं ठरवून घ्या. काही गोष्टी दिसल्या की तिथेच थांबायचं: नोकरीसाठी पैसे मागणं, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं, सही केलेले कोरे चेक मागणं, काय काम आणि किती पगार हे लिहून द्यायला नकार देणं. यात ‘पण कंपनी मोठी आहे’ ही सबब चालत नाही. बाकी जवळजवळ सगळं दुसऱ्या गठ्ठ्यात जातं. तिथे शंका मनात न ठेवता तिचा प्रश्न करायचा आणि उत्तर मेलवर मागायचं. चांगली कंपनी दोन दिवसांत उत्तर देते, कधी उत्तर तुमच्या सोयीचं नसेल, पण देते. वाईट कंपनी फोन करते आणि म्हणते, ‘एवढं काय, आमच्यावर विश्वास नाही का?’ खालची सगळी पद्धत या एका फरकावर उभी आहे. उदाहरणं पुणे, मुंबई आणि आसपासच्या खासगी नोकऱ्यांची आहेत.

जाहिरात आणि पहिला फोन

‘वार्षिक पॅकेज ३ ते १५ लाख’ असं लिहिलेली जाहिरात काहीच सांगत नाही. एवढ्या रुंद पट्ट्याचा अर्थ दोनपैकी एक: पद नेमकं ठरलेलं नाही, किंवा वरचा आकडा गर्दी जमवण्यासाठी आहे. पहिल्या फोनवरच विचारा, ‘या जागेसाठी मंजूर बजेट किती आहे?’ एचआरला ते माहीत असतं. ‘तुमची अपेक्षा सांगा, मग बघू’ हे पहिल्यांदा ऐकलं तर ठीक. तिसऱ्या फोनवरही तेच असेल तर शेवटी आकडा तुमच्या जुन्या पगारावर २०-३० टक्के चढवून काढला जाणार हे धरून चाला.

एकाच जाहिरातीत अकाउंट्स, ॲडमिन आणि सोशल मीडिया असेल, तर तीन माणसांचं काम एका पगारात हवंय. छोट्या कंपनीत हे घडतंच, त्याला लगेच नावं ठेवायचं कारण नाही. पण आठवड्यातला किती वेळ कशावर जाईल हे विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर त्यानेच अजून विचार केलेला नाही.

फोन कन्सल्टन्सीकडून असेल तर दोन प्रश्न: कंपनी कोणती, आणि पगार कुणाच्या पेरोलवर? हिंजवडीतल्या आयटी कंपनीचं किंवा चाकणच्या कारखान्याचं नाव सांगून प्रत्यक्षात थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे मधल्या एजन्सीच्या पगारपत्रकावर, घेणं नेहमीचं आहे. ते बेकायदा नाही. पण आयकार्डवर एक नाव आणि पगाराच्या स्लिपवर दुसरं, हे रुजू होण्याच्या दिवशी कळणं वाईट. कारखान्यात ‘ट्रेनी’ म्हणून घेत असतील तर विचारा: ॲप्रेंटिस कायद्याखालचा करार आहे की साधी नेमणूक? ॲप्रेंटिसला स्टायपेंड मिळतो, पीएफ नसतो आणि पुढे कायम करण्याची हमीही नसते.

आता फसवणूक. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ‘रिफंडेबल’ सिक्युरिटी, गणवेशाचे पैसे, नाव काहीही असो, नोकरी देणारा पैसे घेत नाही. मेल मोफत जीमेलवरून आलेला असेल, किंवा कंपनीच्या नावाला ‘करिअर्स’, ‘एचआर’, ‘जॉब्स’ असलं शेपूट जोडून बनवलेल्या डोमेनवरून, तर कंपनीच्या खऱ्या संकेतस्थळावरून नंबर काढून फोन करा. मुलाखत फक्त टेलिग्रामच्या चॅटवर झाली आणि तासाभरात ‘सिलेक्टेड’ आलं, तर ती नोकरी नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

कागदपत्रांचं म्हणाल तर ऑफर हातात येईपर्यंत बायोडेटा पुरेसा आहे. आधार द्यावंच लागलं तर पहिले आठ अंक झाकलेलं मास्क्ड आधार द्या. बँकेचा रद्द केलेला चेक ऑफर स्वीकारल्यानंतर.

अर्धा तास, तीन सरकारी संकेतस्थळं

मुलाखतीला जाण्याआधी कंपनीचं ‘अबाउट अस’ पान सगळे वाचतात. त्याऐवजी पुढच्या तीन ठिकाणी वेळ घालवा. तिथे कंपनीची जाहिरात नाही, तिने भरलेले कागद दिसतात.

पहिलं, कंपनी व्यवहार मंत्रालयाचं एमसीए पोर्टल. कंपनीचा सीआयएन, म्हणजे नोंदणीचा ओळख क्रमांक, २१ अक्षरांचा असतो. सुरुवातीला ‘एल’ म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, ‘यू’ म्हणजे न नोंदलेली. मग पाच आकडी उद्योग संकेतांक, राज्याची दोन अक्षरं (महाराष्ट्रासाठी ‘एमएच’), स्थापनेचं वर्ष, कंपनीचा प्रकार आणि शेवटी नोंदणी क्रमांक. ‘पंचवीस वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या कंपनीच्या सीआयएनमध्ये वर्ष २०२२ असेल, तर विचारायला हवं. जुनी कंपनी बंद करून नवी काढली असेल किंवा भागीदारी संस्थेचं कंपनीत रूपांतर झालं असेल. दुसरं कारण निरुपद्रवी आहे, पहिलं नाही.

कंपनीच्या मास्टर डेटामध्ये स्थिती ‘ॲक्टिव्ह’ आहे का बघा. ‘स्ट्राइक ऑफ’ (म्हणजे नोंदवहीतून नाव काढलेलं) किंवा दिवाळखोरीची प्रक्रिया दिसली तर पुढे वाचायची गरज नाही. मग शेवटची वार्षिक सभा आणि शेवटचा ताळेबंद कधीचा आहे ते बघा. दोन-दोन वर्षं ताळेबंदच भरलेला नसेल, तर हिशेब मागे पडलाय किंवा तो दाखवायचा नाही. १०० रुपये शुल्क भरलं की कंपनीने दाखल केलेली आर्थिक पत्रकंही पाहता येतात. ‘कर्मचारी लाभ खर्च’ ही ओळ दोन वर्षांची शेजारी ठेवून वाचा. उत्पन्न वाढलंय आणि हा खर्च घटलाय, तर माणसं कमी करून काम तेवढंच ठेवलेलं असू शकतं.

लेटरहेडवर सीआयएन छापणं कंपनी कायद्याने बंधनकारक आहे. प्रायव्हेट लिमिटेड म्हणवणाऱ्या कंपनीच्या ऑफर लेटरवर तो नसेल तर मागा. एलएलपीला (मर्यादित दायित्वाच्या भागीदारीला) वेगळा क्रमांक असतो. मालकीच्या किंवा भागीदारीच्या दुकानाला-ऑफिसला सीआयएन नसतोच, तिथे शॉप ॲक्टची नोंद बघा. मुंबईत त्यालाच गुमास्ता म्हणतात.

दुसरं, जीएसटी पोर्टल. १५ अंकी क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, गोवा ३०. करदाता शोधा, कॅप्चा भरा आणि रिटर्न भरल्याचा तक्ता उघडा. दर महिन्याची रिटर्न्स तीन-चार महिने उशिरा जात असतील, तर पैशांची ओढाताण आहे. जी कंपनी सरकारचा कर वेळेवर भरू शकत नाही, ती पगाराच्या तारखाही फार काळ सांभाळू शकत नाही.

तिसरं, आणि सर्वांत उपयोगी, पीएफचा कारभार बघणाऱ्या ईपीएफओचा आस्थापना शोध. नाव किंवा कोड टाकला की पेमेंट तपशील दिसतो: कोणत्या महिन्याचा पीएफ, किती तारखेला जमा, किती कर्मचाऱ्यांचा. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. बारा महिन्यांच्या नोंदी वरून खाली वाचा. एखादा महिना उशीर कुणाचाही होतो. सतत उशीर, किंवा कर्मचारी संख्या सहा महिन्यांत १४० वरून ९० वर आलेली, ही माहिती कुठल्याही मुलाखतीत मिळणार नाही.

इथे एक घाईचा निष्कर्ष टाळा. कंपनी म्हणते ३०० माणसं आणि पीएफ भरला जातो ११० जणांचा, म्हणजे कंपनी खोटारडी असं नाही. नोकरीत येताना पीएफसाठी धरलं जाणारं वेतन १५,००० रुपयांहून जास्त असलेल्या आणि आधी पीएफ सदस्य नसलेल्या माणसाला बाहेर ठेवता येतं. शाखांचे कोड वेगळे असू शकतात, काही जण थर्ड पार्टीवर असतात. पण प्रश्न तयार झाला: ‘मी कोणत्या कोडखाली येईन, आणि माझा पीएफ पहिल्या महिन्यापासून भरला जाईल का?’ वीस किंवा जास्त कर्मचारी असलेली आणि पीएफ नोंदणीच नसलेली कंपनी मात्र सोडून द्या.

मुलाखत: कोणते प्रश्न, कुणाला, कसे

‘वर्क-लाइफ बॅलन्स कसं आहे?’ या प्रश्नाला देशातल्या प्रत्येक मॅनेजरकडे पाठ उत्तर आहे. प्रश्न घडून गेलेल्या गोष्टीबद्दल विचारा, ज्यात तारीख, आकडा किंवा माणूस येतो.

‘ही जागा का रिकामी झाली?’ नवी जागा असेल तर चांगलं. कुणी सोडून गेलं असेल तर पुढचा प्रश्न: ‘ते किती महिने होते? आणि त्यांच्या आधीचे?’ दोन वर्षांत तिसरा माणूस शोधत असतील तर दोष माणसांचा नाही, खुर्चीचा आहे.

‘टीममध्ये सर्वांत जुनं कोण, आणि किती वर्षं?’ सगळेच एका वर्षाच्या आतले असतील आणि कंपनी आठ वर्षांची असेल, तर बाकीचे कुठे गेले ते शोधा.

‘गेल्या आर्थिक वर्षाचं व्हेरिएबल या टीमला किती टक्के मिळालं, आणि कोणत्या महिन्यात?’ पॅकेजमध्ये व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर मिळणारा बदलता भाग, असेल तर हा प्रश्न चुकवूच नका. ‘शंभर टक्क्यांपर्यंत मिळू शकतं’ हे उत्तर नव्हे.

‘मागच्या शनिवारी टीममधलं कुणी काम करत होतं का?’ इथे समोरच्या चेहऱ्याकडे बघा. हसून ‘कधी कधी असतं’ म्हणाला तर विचारा, बदली सुट्टी मिळते का.

एकच प्रश्न तिघांना विचारणं ही जुनी पण भरवशाची युक्ती. एचआर, होणारा वरिष्ठ आणि टीममधला बरोबरीचा सहकारी. कामाची वेळ, कोणत्या कामाला प्राधान्य, निर्णय कोण घेतं, यावर तिघांची तीन उत्तरं आली तर रुजू झाल्यावर तुम्हीही त्या गोंधळातच असाल. आणि सहकाऱ्याशी बोलू द्यायलाच टाळाटाळ होत असेल, तर तेच उत्तर समजा.

उलट बाजूने येणारे प्रश्नही बोलतात. ‘लग्न कधी करणार?’, ‘मूल लहान आहे, घरी कोण बघणार?’ असं बाईला विचारणारा आणि शेजारच्या पुरुष उमेदवाराला न विचारणारा पॅनेल पुढे रजा आणि बढती कशी देणार हे सांगून जातो. भरतीत लिंगावरून भेद करायला कायद्यानेच मनाई आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असायला हवी, तिची अध्यक्ष कंपनीतली वरिष्ठ स्त्री आणि एक सदस्य बाहेरची. ‘समितीवर कोण आहे?’ हे एचआरला सरळ विचारा. नावं सांगता आली पाहिजेत, समितीची माहिती भिंतीवर लावलेली असते.

‘आम्ही सगळे इथे घरच्यासारखे’ या वाक्यावर इंटरनेटवर फार खिल्ली उडते. खरं तर सांगली-कोल्हापूरकडच्या किंवा भोसरीतल्या मालकाच्या छोट्या युनिटमध्ये ते अक्षरशः खरं असतं, आणि अडीअडचणीला शेठ उचल देतो तीही खरी. फक्त रजा, पगारवाढ आणि ओव्हरटाइम नियमाने मिळतो की मर्जीने, एवढं विचारून घ्या.

असाइनमेंटची मर्यादा

दोन ते चार तासांचं, काल्पनिक माहितीवरचं काम देणं योग्य. त्यांच्याच चालू ग्राहकासाठी पूर्ण मार्केटिंग योजना, चालणारं मॉड्यूल किंवा वीस डिझाइन्स मागणं म्हणजे फुकटचं काम. सरळ विचारा, ‘हे प्रत्यक्ष वापरणार आहात का? असेल तर मोबदला किती?’ तरी द्यायचंच ठरवलं तर आराखडा आणि एक नमुना द्या, डिझाइनवर वॉटरमार्क टाका, कोड चालवून दाखवा पण सोर्स हातात देऊ नका.

आत राहून बाहेर पडलेली माणसं

लिंक्डइनवर कंपनीचं नाव टाकून तिथून बाहेर पडलेल्यांची यादी काढा. गेल्या सहा ते अठरा महिन्यांत सोडलेले पाच जण निवडा, शक्यतो त्याच विभागातले. आठवड्यापूर्वी सोडलेला रागात असतो, चार वर्षांपूर्वी सोडलेल्याची माहिती शिळी असते. निरोप लहान ठेवा: ‘मला अमुक टीमची ऑफर येण्याची शक्यता आहे. पगार वेळेवर होतो का आणि सोडताना फुल अँड फायनल किती दिवसांत मिळाला, एवढंच विचारायचं होतं.’ (फुल अँड फायनल म्हणजे सोडतानाचा शेवटचा हिशेब.) मत मागू नका, या दोन गोष्टी मागा. पाचपैकी दोघं तरी उत्तर देतात, आणि बाकीचं ते आपणहून सांगतात.

निनावी परीक्षणं वाचताना एकाच आठवड्यात पडलेल्या डझनभर पाच-ताऱ्यांकडे दुर्लक्ष करा. ती बहुधा एचआरने सांगून लिहून घेतलेली असतात. एक-ताऱ्यातली चिडही बाजूला ठेवा. वेगवेगळ्या विभागांतल्या, वेगवेगळ्या वर्षांच्या माणसांनी एकच नेमकी तक्रार केली असेल, उदाहरणार्थ ‘रिलीव्हिंग लेटर अडवतात’, तर ती खरी धरा.

कारखान्याची नोकरी असेल तर लिंक्डइनपेक्षा गेटबाहेरची टपरी बरी. शिफ्ट सुटायच्या वेळी चहा घ्या. ओटी डबल मिळतो की सिंगल, एवढं विचारलं तरी गप्पा सुरू होतात. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, आठवड्याचे तास ४८. ‘ओटी सिंगलच, तोही रोखीत’ हे ऐकलं की स्लिप आणि पीएफही तसेच असणार.

ऑफर लेटर: इथे घाई करायची नाही

‘आज संध्याकाळपर्यंत सही करा, नाहीतर दुसऱ्याला देतो’ असा दबाव आला तर मेलवर ७२ तास मागा. दोन-तीन महिने माणूस शोधणारी कंपनी तीन दिवस थांबू शकते. फक्त ‘लेटर ऑफ इंटेंट’ दिलं असेल तर ती ऑफर नव्हे. २०२२ नंतरच्या मंदीत आयटीत कॅम्पसवरून निवडलेल्या कितीतरी मुलांच्या हातात पत्र असूनही रुजू होण्याची तारीख वर्ष-दोन वर्षं पुढे ढकलली गेली. पत्रात रुजू होण्याची तारीख, पद, ठिकाण आणि पगाराची फोड नसेल, तर हातात काही नाही. नेमणूक पत्र देणं आता कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ‘आमच्याकडे लेटरची पद्धत नाही’ हे ऐकून घेऊ नका.

पहिल्यांदा पगाराची फोड. ९ लाखांचं पॅकेज म्हणजे महिना ७५,००० असं धरणं ही सगळ्यात महागडी चूक. एक नमुना मांडू:

बेसिक वर्षाला ४,५०,०००. व्हेरिएबल ९०,०००. मालकाचा पीएफ १५,०००च्या मर्यादेवर १२ टक्के, म्हणजे महिना १,८०० आणि वर्षाला २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्क्यांनी २१,६४५. विम्याचा हप्ता १२,०००. बेसिक सोडून हे चार आकडे मिळून १,४५,२४५ दरमहा हातात येतच नाहीत. उरले ७,५४,७५५, म्हणजे महिना सुमारे ६२,९००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) वजा. खात्यात साधारण ६०,९००. पीएफ पूर्ण बेसिकवर कापत असतील तर दोन्ही वाटे मिळून महिना ९,००० पीएफमध्ये जातात आणि हातात ५५,५०० च्या आसपास येतात. ते पैसे तुमचेच आहेत, पण घराचा हप्ता ७५,००० धरून ठरवला असेल तर कामाचे नाहीत.

आता या फोडीत काय खटकायला हवं? व्हेरिएबल २५ टक्क्यांच्या वर असेल आणि विक्रीची नोकरी नसेल तर. ‘रिटेन्शन बोनस’ दोन वर्षांनी मिळणार असून या वर्षाच्या पॅकेजमध्ये मोजला असेल तर. ग्रॅच्युइटी पॅकेजमध्ये धरली असेल तर लक्षात ठेवा, कायम नोकरीत ती साधारणपणे पाच वर्षांनंतरच मिळते. आणि बेसिक फारच कमी, ‘स्पेशल अलाउन्स’ भरमसाट असेल तर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या पुढे गेले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. जुन्याच पद्धतीची फोड पाठवणाऱ्या एचआरला विचारा, पुढे रचना बदलली तर हातातली रक्कम किती घटेल.

पीएफ नाही, स्लिप नाही, १० टक्के टीडीएस कापून ‘प्रोफेशनल फी’ देणार असतील, तर तुम्ही कर्मचारी नाही, सल्लागार आहात. रजा, ग्रॅच्युइटी, प्रसूती रजा यातलं काही आपोआप मिळणार नाही. ज्याला तीन ग्राहक सांभाळायचे आहेत त्याला हे परवडतं. सकाळी ९ला थंब लावायला लावून वर सल्लागार म्हणवणं मात्र चलाखी आहे.

मग अटी. नोटीस पीरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का? ‘कर्मचाऱ्याने ९० दिवस, कंपनीने १५ दिवस’ असं सर्रास लिहिलेलं असतं. समान करायला सांगा. मान्य झालं नाही तरी नोटीसचे पैसे भरून लवकर सुटता येईल का, आणि ते बेसिकवर की ग्रॉसवर (कपातीआधीच्या पूर्ण पगारावर), हे लिहून घ्या. ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ हे शब्द दिसले की ती सोय तुमची नाही.

प्रोबेशन ‘लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत चालू राहील’ असं असेल तर ते सहा महिन्यांचं नाही, अनंत काळचं आहे. ‘सहा महिन्यांत कळवलं नाही तर कायम समजावं’ अशी ओळ मागा. बदलीच्या कलमात ‘समूहातल्या कोणत्याही कंपनीत’ असेल तर विचारा, सेवा सलग धरणार का.

जॉइनिंग बोनसच्या वसुलीत एक बारीक गंमत असते. दोन लाख बोनस मिळतो तेव्हा कर कापून हातात समजा दीड लाखाच्या आसपास येतो, पण वर्षाच्या आत सोडलं तर वसुली पूर्ण दोन लाखांची. ‘हातात मिळालेली रक्कम, आणि राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात’ असं लिहून मिळालं तरच तो बोनस बोनस आहे.

बाँड, चेक आणि मूळ सर्टिफिकेटं

‘बाँडला कायद्यात किंमत नाही’ हा कट्ट्यावरचा सल्ला अर्धाच खरा आहे. भारतीय करार कायदा १८७२च्या कलम २७मुळे नोकरी सोडल्यानंतर ‘स्पर्धक कंपनीत जायचं नाही’ ही अट सहसा टिकत नाही. पण नोकरीत असताना किमान काळ राहण्याची अट वेगळी. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. ती सार्वजनिक बँक होती आणि तिथे नवी भरती करण्याचा खर्च मोठा होता, हे कारणही निकालात आहे. त्याच कायद्याचं कलम ७४ म्हणतं, करारात लिहिलेल्या रकमेपर्यंत वाजवी भरपाई. म्हणजे दोन दिवसांच्या ‘इंडक्शन’साठी तीन लाखांचा बाँड कोर्टात टिकवणं अवघड, तरी नोटिशीला उत्तर देण्याचा ताप तुमच्याच माथी.

सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: नेमकं कोणतं प्रशिक्षण आणि त्याचा खर्च किती; रक्कम महिन्यागणिक कमी होते का; आणि कंपनीनेच काढलं तर बाँड लागू राहतो का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर सही करू नका.

सही केलेला कोरा किंवा पुढच्या तारखेचा चेक कधीच देऊ नका. बाँडचा वाद दिवाणी असतो, चेक वटला नाही की तो निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८खाली फौजदारी होतो. चेक मागणाऱ्याला हा फरक चांगला ठाऊक असतो. मूळ मार्कशीट आणि पदवी दाखवा, झेरॉक्सवर सही करून द्या, मूळ प्रत खिशात परत. ‘सेफ कस्टडीत ठेवतो’ म्हणणारे सोडताना तीच प्रत अडवून धरतात.

राजीनाम्याआधीचा क्रम

क्रम चुकला की चांगल्या ऑफरमध्येही माणूस अडकतो. आधी सहीचं ऑफर लेटर, मग सगळ्या बदलांचा एक मेल आणि त्यावर ‘मान्य’ असं उत्तर. फोनवर कबूल केलेलं ऑफरमध्ये नसेल तर स्वतःच मेल लिहा: ‘आपल्या काल झालेल्या बोलण्यानुसार आठवड्यातून दोन दिवस घरून काम आणि सहा महिन्यांनी पगाराचा आढावा, असं मी समजतो.’ यावर मौन पाळलं गेलं तर ते कबूल नव्हतंच.

ऑफर ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या अधीन’ असेल तर तपासणी राजीनाम्याआधी पूर्ण करा म्हणून सांगा. सध्याच्या कंपनीची तपासणी तेवढी शेवटी होते, बाकी सगळी आधी होऊ शकते. जुन्या नोकऱ्यांच्या तारखा यूएएनवरच्या (पीएफच्या कायम क्रमांकावरच्या) तारखांशी जुळतात का ते तुम्हीच आधी बघा, निम्मे घोळ तिथेच असतात. शेवटच्या दिवसापर्यंत ऑफर देणाऱ्या एचआरला पंधरवड्यातून एकदा मेल करा. उत्तरं यायची थांबली, रुजू होण्याची तारीख दुसऱ्यांदा पुढे गेली, किंवा संपर्कातली व्यक्तीच सोडून गेली, तर इतर मुलाखती सुरू ठेवा.

पहिले साठ दिवस

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा. पहिली स्लिप ऑफरच्या फोडीशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडा. फरक असेल तर त्याच आठवड्यात मेल करा, तीन महिन्यांनी विचारलं तर ‘तेव्हा का नाही सांगितलं’ हे ऐकावं लागतं. ग्रॉस वेतन २१,०००च्या आत असेल तर ईएसआयसीची (कर्मचारी राज्य विम्याची) ०.७५ टक्के कपात दिसते का आणि कार्ड निघालं का ते बघा.

१५ तारीख उलटल्यावर काही दिवसांनी पीएफ पासबुक उघडा. स्लिपवर पीएफ कापलेला आणि पासबुकात महिना कोरा असेल तर एचआरला स्लिप जोडून मेल करा आणि कोणत्या तारखेला भरला ते विचारा. दुसराही महिना कोरा गेला तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर, ईपीएफआयजीएमएसवर, स्लिप अपलोड करून तक्रार नोंदवा. जुन्या कंपनीतल्या वरिष्ठांशी बोलणं तुटू दिलेलं नसेल, तर परतीची वाट विचारायला त्यांना फोन करण्याचीही हीच वेळ आहे.